चौक आखताना: मोकळ्या जागेत माणसं थांबावीत म्हणून काय करायचं, कोणत्या क्रमाने

१९६१ साली न्यूयॉर्क शहराने बांधकाम नियमांत बिल्डरांना एक सवलत दिली. इमारतीसमोर लोकांसाठी चौक सोडा आणि सोडलेल्या प्रत्येक चौरस फुटामागे १० चौरस फूट जादा चटईक्षेत्र, म्हणजे इमारतीत जास्तीची बांधकामाची जागा, घ्या. सवलत भरपूर वापरली गेली. पुढच्या दहा-अकरा वर्षांत जगातल्या अत्यंत महागड्या जमिनीवर सुमारे २० एकर मोकळी जागा तयार झाली. कागदावर सगळं छान दिसत होतं. प्रत्यक्षात मात्र काही चौक दुपारी माणसांनी फुलून जात आणि बरेचसे दिवसभर ओस पडलेले असत.

हा फरक कशामुळे पडतो, याचा छडा शहरातल्या माणसांच्या वागण्याचा अभ्यास करणारे अमेरिकी लेखक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात लावला. ठरावीक अंतराने छायाचित्र घेणारे कॅमेरे लावून त्यांच्या गटाने चौकांमधली माणसं अक्षरशः मोजली. ऊन, चौकाचा आकार, क्षेत्रफळ, अशी एकेक शंका तपासून पाहिली. शेवटी जे हाती लागलं ते इतकं साधं होतं की आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचंच आश्चर्य वाटावं: जिथे बसायला जागा आहे, तिथे माणसं बसतात. १९७५ मध्ये शहराने नियम सुधारले आणि चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे १ फूट लांबीची बैठक सक्तीची केली.

चौकाचं भवितव्य कट्ट्याची उंची, पायऱ्यांची जागा, दुपारी चार वाजता पडणारी सावली असल्या बारीक गोष्टी ठरवतात. त्या कुणालाही बघता, मोजता आणि बदलताही येतात. वास्तुरचनाकार, नगरपालिकेतले अभियंते, लोकप्रतिनिधी आणि रहिवाशांचे गट यांना हाताशी धरता यावं म्हणून हा लेख. इथे चौक म्हणजे वाहनांचा चौरस्ता नाही. पायी फिरणाऱ्यांसाठी राखलेली, चहूबाजूंनी शहराने वेढलेली मोकळी जागा एवढाच अर्थ धरला आहे.

पायरी १: आखण्याआधी बघा

बहुतेक चौक इथेच फसतात. जागेचा सर्व्हे होतो, मातीची चाचणी होते, पण माणसांची मोजणी होत नाही. ती करायला कोरा नकाशा, पेन्सिल आणि घड्याळ पुरतं.

कामाचा एक दिवस निवडा, सुट्टीचा एक निवडा. हवा नेहमीसारखी असावी आणि आसपास काही विशेष कार्यक्रम नसावा. सकाळपासून रात्रीपर्यंत दर तासाला दहा मिनिटं एका ठरलेल्या काल्पनिक रेषेवर उभं राहा आणि ती ओलांडणारी माणसं मोजा. आकड्याला सहाने गुणलं की तासाची वर्दळ कळते. मग लगेच चौकाला एक फेरी मारा आणि जो जो थांबलेला दिसेल त्याची नकाशावर खूण करा. उभा आहे, बाकावर बसला आहे, पायरीवर किंवा कठड्यावर टेकला आहे, खेळतो आहे, काही विकतो आहे, यांना वेगवेगळ्या खुणा द्या. पुरुष की स्त्री, अंदाजे वय, एकटा की सोबत, हेही टिपा. दिवसाअखेरीस सगळे नकाशे एकावर एक ठेवून पाहिले की जागा स्वतःहून बोलू लागते.

यात जाणाऱ्यांपेक्षा थांबणाऱ्यांचा आकडा जास्त मोलाचा आहे. डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांनी सार्वजनिक जागेतल्या हालचालींचे तीन प्रकार मांडले. कामावर जाणं, बस पकडणं या आवश्यक हालचाली. त्या जागा कशीही असली तरी होतात. थोडं फिरणं, उन्हात बसणं या ऐच्छिक. त्या जागा चांगली असेल तरच होतात. आणि सामाजिक म्हणजे ओळख, गप्पा, मुलांचा खेळ, नुसतं इतरांकडे बघत राहणं. हा तिसरा प्रकार थेट आखून आणता येत नाही. माणसं पुरेसा वेळ एकाच ठिकाणी रेंगाळली की तो आपोआप उगवतो. म्हणजे चौक आखणाऱ्याच्या हातात मुख्यतः मधला प्रकार असतो, आणि समाजजीवन त्यातूनच फुटतं.

लोकांना नुसतं ‘काय हवं’ असं विचारून भागत नाही. बोलताना माणूस शांतता आणि एकांत मागतो, पण बसायला गर्दीच्या जवळची जागा निवडतो. व्हाइट यांना तर दिसलं की रस्त्यात भेटलेले दोघे बोलण्यासाठी बाजूला होत नाहीत, वर्दळीच्या ऐन मध्यावरच उभे राहतात. म्हणून प्रश्नावली भरून घ्याच, पण तिच्या शेजारी निरीक्षणाचा नकाशा ठेवा. गवतात तुडवून पडलेली वाट, बसून बसून गुळगुळीत झालेली पायरी, पाठ टेकून मळलेली भिंत या खुणा कुठल्याही उत्तराइतक्याच खऱ्या असतात.

पायरी २: जागा लहान ठेवा

उघड्यावर साधारण १०० मीटरवरून आपल्याला माणसाची हालचाल ओळखू येते. चेहऱ्यावरचा भाव वाचायचा तर अंतर २५ मीटरच्या आत हवं. ऑस्ट्रियाचे वास्तुरचनाकार कामिलो सिट्टे यांनी १८८९ मध्ये जुन्या शहरांमधल्या मोठ्या चौकांची मापं मांडली, तेव्हा सरासरी १४२ बाय ५८ मीटर भरली. म्हणजे अख्ख्या शहराचा मुख्य चौकसुद्धा एवढाच. वस्तीतल्या चौकाला २० ते २५ मीटर रुंदी भरपूर होते, कारण समोरच्या कडेला बसलेला ओळखीचा आहे की नाही, हे तेवढ्यातच दिसतं.

तीस माणसं छोट्या चौकात असली तर तो भरलेला वाटतो आणि आणखी माणसं येतात. तीच तीस मोठ्या पटांगणात विखुरली तर तिथे कुणीच नाही असं वाटून येणाराही पुढे निघून जातो. बॉस्टनच्या सिटी हॉलसमोरचं विटांचं प्रशस्त पटांगण १९६८ पासून याच कारणाने टीकेचं धनी झालं होतं: अफाट, वाऱ्याचं, पायऱ्यांनी तुटलेलं. ते झाडं, बैठका, खेळाची जागा आणि सावकाश चढणाऱ्या उतारवाटा देऊन २०२२ मध्ये पुन्हा खुलं झालं. तुमच्या वाट्याला आलेली जागा मोठीच असेल तर तिचे झाडांच्या ओळींनी, एखाद्या पायरीच्या फरकाने किंवा फरशीच्या बदलाने लहान भाग पाडा. भिंती मात्र घालू नका. एका भागातून दुसरा दिसला पाहिजे.

पायरी ३: रस्ता आणि कड आधी, मध्यभाग नंतर

आराखड्याचा कागद समोर आला की हात मध्यभागाकडे जातो. तिथे कारंजं, पुतळा, फरशीवर नक्षी. माणसं मात्र चौकात कडेने येतात आणि कडेलाच स्थिरावतात. पाठीला आधार आणि डोळ्यांसमोर मोकळं दृश्य ही जागा सगळ्यांना आवडते. कडेच्या जागा भरल्या की मगच लोक आत सरकतात. कड मेलेली असेल तर मध्यभागी काहीही उभारा, चौक जगत नाही.

म्हणून आधी भोवतालच्या इमारतींचे तळमजले बघा. किती दारं चौकात उघडतात? किती भिंती आंधळ्या आहेत? लांबच लांब काच किंवा कोरी भिंत असेल तर तिथून माणूस पाय उचलून चालतो. दर काही मीटरवर दार, ओसरी, खांब, कोनाडा असेल तर पावलं आपोआप मंदावतात. इमारती बदलणं हातात नसेल तर भिंतीलगत सलग कट्टा बांधा, वर सावली द्या. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि सर्वांत कमी वापरला जातो.

दुसरी गोष्ट पातळीची. चौक आणि पदपथ शक्यतो एकाच पातळीवर असावेत. तीन-चार रुंद, उथळ पायऱ्या चालतात, पण शेजारी तेवढाच सोयीचा उतार हवा. जागा रस्त्यापासून माणसाच्या नजरेआड इतकी वर गेली किंवा खाली खचली की आत काय चाललंय ते बाहेरच्याला कळत नाही. जे दिसत नाही तिथे लोक जात नाहीत. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कची कथा हेच सांगते. ती जागा रस्त्यापासून उंचावलेली होती, भोवती लोखंडी कठडा आणि दाट कुंपणाची झुडपं, आत जायच्या वाटा थोड्या. १९७० च्या दशकात अमली पदार्थ विकणाऱ्यांनी तिचा ताबा घेतला, कारण त्यांना हवा तो आडोसा रचनेनेच दिला होता. व्हाइट यांनी सुचवलं: झुडपं काढा, वाटा वाढवा, जागा उघडी करा. १९८८ मध्ये बंद झालेलं पार्क नव्या रचनेसह १९९२ मध्ये पूर्ण खुलं झालं आणि आज ते जगातल्या सर्वांत गजबजलेल्या लहान उद्यानांपैकी एक आहे.

त्याच शहरातलं पेली पार्क १९६७ चं. जेमतेम ३९० चौरस मीटरची जागा, तिन्ही बाजूंनी इमारती. पण तिची फरशी आणि झाडं पदपथापर्यंत पुढे आलेली आहेत, त्यामुळे वाटसरू नकळत उंबऱ्यावर येऊन उभा राहतो. आत जायचं की नाही, हे ठरवायला त्याला तेवढाच क्षण हवा असतो.

कड उत्तम झाली तर मध्यभाग रिकामा ठेवायला घाबरू नका. इटलीतल्या सिएना शहराचा पियाझा देल काम्पो शंखासारखा पसरलेला आणि नगरभवनाकडे हळूच उतरत गेलेला आहे. विटांची त्याची फरसबंदी १३४९ मध्ये पुरी झाली. मधोमध जवळजवळ काही नाही, तरी लोक सरळ जमिनीवरच बसतात. तो उतार त्यांना एकमेकांकडे आणि समोरच्या इमारतीकडे बघायला लावतो.

पायरी ४: बसायची सोय

सगळ्या पैशातून एकच गोष्ट नीट करता येणार असेल तर ही करा.

किती? न्यूयॉर्कचा नियम हिशेबाला सोपा आहे. १,००० चौरस मीटरच्या चौकाला तो लावला तर सुमारे ११० मीटर लांबीची बैठक लागते. माणशी ६० सेंटिमीटर धरले तर जवळपास १८० जण बसतील. हा आकडा ऐकून अनेकजण दचकतात, पण त्यात पायऱ्या, कट्टे, झाडांभोवतीचे पार, कुंड्यांच्या रुंद कडा हे सगळं धरायचं आहे. बाक एकूण बैठकीच्या निम्म्याहून कमी असले तरी हरकत नाही.

मापं? साधारण ३० ते ९० सेंटिमीटर उंचीच्या कुठल्याही सपाट कडेवर माणूस टेकतो. आरामाची उंची ४० ते ४५. एकाच बाजूने बसायचं असेल तर खोली किमान ४० सेंटिमीटर द्या. ७५ ते ९० दिली तर दोन्ही बाजूंनी लोक पाठीला पाठ लावून, पण एकमेकांना न अडवता बसतात, आणि एकाच खर्चात जागा दुप्पट होते. निदान काही बाकांना पाठ आणि हात हवेतच. वयस्कर माणसाला बसण्यापेक्षा उठायला आधार लागतो. असा बाक नसेल तर ती व्यक्ती चौकात येईलही, पण थांबणार नाही.

दिशा? सगळे बाक वर्दळीकडे तोंड करून ठेवले की एकट्या माणसाची सोय होते. दोघा-तिघांना गप्पा मारायच्या तर काटकोनात जुळलेली बैठक लागते, चौघांना समोरासमोरची. एकेकटी, जमिनीत पक्की रोवलेली आसनं मात्र टाळाच. कोणी कुणापासून किती अंतरावर बसायचं, हे ती आधीच ठरवून टाकतात.

या प्रश्नाचं सर्वांत सुंदर उत्तर म्हणजे हलवता येणारी साधी खुर्ची. पेली पार्क आणि ब्रायंट पार्क दोन्हींचं यश तिच्यावर उभं आहे. नीट बघाल तर माणूस बसण्याआधी खुर्ची थोडी सरकवतो, अगदी गरज नसली तरी. त्या दोन-चार इंचांत तो जागा आपली करून घेतो. कुणी सावलीत ओढतो, कुणी मैत्रिणीजवळ, कुणी सगळ्यांपासून दूर. चोरीची भीती प्रत्येक बैठकीत निघते. थोड्या खुर्च्या जातील, असं धरूनच चाला आणि वर्षाच्या खर्चात त्यांची तरतूद करा. पक्के, जड, महागडे बाक चुकीच्या जागी बसवण्यापेक्षा हे नुकसान फार कमी आहे.

आणि कट्ट्यावर लोखंडी खिळे, उभ्या पट्ट्या, बाकाच्या मधोमध मुद्दाम घातलेले दांडे नकोत. एका माणसाला झोपू न देण्यासाठी शंभर जणांचं बसणं काढून घेणं हा अन्याय आहे, आणि झोपायला जागा नसलेल्या माणसाचा प्रश्न त्याने सुटतही नाही.

पायरी ५: ऊन, वारा, पाणी

वर्षातला सर्वांत कडक उन्हाचा आणि सर्वांत थंड महिना घ्या आणि सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन आणि सहा वाजता सावली कुठे पडते ते नकाशावर काढा. बैठकीचा नकाशा त्यावर ठेवा. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे बैठक हलवा. उष्ण हवेत सावली आधी येते, बाकी सगळं नंतर. हिवाळा बोचरा असेल तिथे पानगळीची झाडं दोन्ही ऋतू सांभाळतात. झाडाचं खोड सुमारे अडीच मीटरपर्यंत फांद्यांविना मोकळं ठेवा, म्हणजे सावली मिळते आणि नजर अडत नाही. फरशीतल्या चौकोनी खड्ड्यात कोंडलेलं झाड खुरटतं. फरसबंदीखाली मातीचा सलग चर द्या.

उंच इमारत वरचा वारा अडवून खाली ढकलते. तिच्या पायथ्याशी बसायची जागा आखलीत तर ती रिकामी राहील. तळाशी पुढे आलेला सज्जा किंवा झाडांची दाट ओळ लागते. पावसाच्या पाण्यासाठी फरशीला एक ते दोन टक्के उतार पुरतो. दगड ओला करून त्यावर चालून पाहा, मगच निवडा.

कारंजं असेल तर त्याला हात लावता आला पाहिजे. पेली पार्कमधल्या सुमारे सहा मीटर उंच जलभिंतीचा आवाज रहदारीचा गोंगाट झाकतो, त्यामुळे शेजारच्या टेबलावरचं बोलणंही ऐकू जात नाही आणि एवढ्याशा जागेत खाजगीपण मिळतं. दुरून बघायचं, भोवती साखळी लावलेलं पाणी असं काहीच करत नाही.

पायरी ६: रेंगाळायला निमित्त

खाद्यपदार्थ विकणारे जिथे, तिथे माणसं. त्यांना हुसकण्याआधी त्यांच्यासाठी जागा, नळ, कचऱ्याची सोय आणि वीज आखा. अनोळखी दोघांना बोलायला तिसरं काहीतरी लागतं: वाजवणारा कलाकार, बुद्धिबळाचा पट, ज्यावर मुलं चढू शकतील असं शिल्प. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये पूर्वी गाड्या लावायच्या जागी १९८४ साली चौक झाला, तेव्हा हजारो नागरिकांनी विटा विकत घेतल्या आणि त्यांची नावं त्या विटांवर कोरली गेली. आजही लोक खाली वाकून नावं शोधतात.

पायरी ७: कोण येत नाही ते बघा

मोजणीचे आकडे पुन्हा काढा. स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा खूप कमी असेल तर चौकात काहीतरी बिघडलं आहे. जागा निवडताना स्त्रिया जास्त चोखंदळ असतात: कुठून कोण येतं ते दिसतं का, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, आजूबाजूला आणखी कुणी आहे का. त्यांना बरी वाटणारी जागा सगळ्यांनाच बरी वाटते. संध्याकाळनंतर प्रकाश उंच खांबांवरून झगझगीत नको. चेहरे ओळखू येतील असा, कमी उंचीवरून आणि सगळीकडे समान हवा. झळाळणारा एक कोपरा शेजारचा अंधार आणखी गडद करतो.

चाकांच्या खुर्चीसाठी १:१२ पेक्षा, म्हणजे १ मीटर चढायला १२ मीटर लांबी याहून, तीव्र उतार नको. तो उतार मुख्य वाटेवरच हवा, मागच्या बाजूला लपवलेला नको. लहान मुलांच्या खेळाची जागा मोठ्यांच्या बैठकीच्या नजरेत हवी. आणि स्वच्छतागृह हवंच. ते नसेल तर वृद्ध, गर्भवती, लहान मुलं घेऊन आलेले पालक आणि दिवसभर तिथे काम करणारे विक्रेते अर्ध्या तासाच्या वर थांबू शकत नाहीत. खर्च वाचवताना पहिली कात्री इथेच लागते. ती लागू देऊ नका.

नको असलेली माणसं येतील म्हणून बाक काढणं, दिवे विझवणं, फाटक लावणं, हा उपाय उलटा पडतो. साधी माणसं निघून जातात आणि ज्यांची भीती होती तेच उरतात.

पायरी ८: दगड बसवण्याआधी तात्पुरतं करून बघा

२००९ मध्ये न्यूयॉर्कने टाइम्स स्क्वेअरमधून जाणारा ब्रॉडवे रस्ता थोड्या अंतरापुरता गाड्यांना बंद केला. पक्कं फर्निचर तयार नव्हतं, म्हणून अंगणात वापरतात तशा साध्या घडीच्या खुर्च्या रस्त्यावर मांडल्या. लोक येऊन बसले. प्रयोग यशस्वी ठरल्यावर तो कायम केला आणि दगडी फरसबंदी काही वर्षांनी झाली. कोपनहेगनची मुख्य बाजारपेठेची गल्ली स्ट्रॉयेटसुद्धा १९६२ मध्ये आधी प्रयोग म्हणूनच गाड्यांना बंद झाली होती.

तुम्हीही रंगाने हद्द आखा, कुंड्या ठेवा, खुर्च्या आणि छत्र्या आणा. दोन-तीन महिने चालू द्या, म्हणजे नव्याची नवलाई ओसरते. दर आठवड्याला खुर्च्या रात्री कुठे सापडतात त्याचा नकाशा काढा. पक्क्या बैठकीचा आराखडा लोकांनी तिथेच काढून ठेवलेला असतो. दुकानदारांचा आणि वाहनचालकांचा विरोध याच काळात समोर येतो, आणि तेव्हा हातात मोजलेले आकडे असतात.

पायरी ९: सकाळी झाडू कोण मारणार

बांधकामाचा पैसा मिळतो, देखभालीचा मिळत नाही. म्हणून काम सुरू होण्याआधी लिहून ठरवा: रोजची सफाई, झाडांना पाणी, तुटलेली फरशी, दिवे, स्वच्छतागृह कोणाकडे. वर्षाचा खर्च कुठून येणार. कार्यक्रमांची परवानगी कोण देणार आणि किती दिवसांत. सतत मोठे कार्यक्रम लावून चौक भाड्याने देण्याचा मोह होतो, कारण त्यातून पैसा येतो. वर्षात कमाल किती दिवस चौक अशा कामाला द्यायचा, ती मर्यादा लेखी ठेवा. जागा खाजगी संस्थेकडे चालवायला दिली तरी निषेध सभा, वाजवणं, नुसतं बसणं या हक्कांना तिथे हात लागणार नाही, हे करारात असू द्या.

अंदाजपत्रकातला थोडा भाग उद्घाटनानंतरच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवा. वर्षभराने पुन्हा तेच नकाशे, तीच रेषा, तेच तास घेऊन मोजणी करा. जिथे कुणीच बसत नाही तो बाक उचला आणि लोक उभे राहून गप्पा मारतात तिथे नेऊन ठेवा.